राख हाताला गार लागेपर्यंत



गेल्या नाताळात आमचा भाचा कितीएक वर्षांनी घरी आला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरी, तो नोकरीस असतो. बरोबर पत्नी व दोन मुले होती. रात्रीची जेवणे आटोपून सारी मंडळी पडवीत बसली असता तिकडच्या सुट्ट्यांचा विषय निघाला. तो म्हणाला, "मामा, उन्हाळ्यात आम्ही हॉटेलात जात नाही. डोंगरावरच्या रानात जातो, तंबू ठोकतो आणि चार दिवस तेथेच राहतो. भाडे नाही, राखणदार नाही, शेजार नाही."

आमच्या मातोश्रींनी आता ऐंशी ओलांडली आहे, पण कान अद्याप तिखट आहेत. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "अरे, एवढा पगार घेतोस आणि पोरांना रानात निजवतोस? घर गहाण पडले की काय तुझे?"

सर्वांना हसू लोटले. मात्र हसे ओसरल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "ते रान कोणाचे? राखणदार नाही म्हणतोस, वाटेल त्याने यावे आणि निजावे म्हणतोस, मग ते आजवर टिकले कसे?"

भाचा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी, खरे सांगायचे तर पुष्कळ ठिकाणी ते टिकत नाही." पुढे त्या रात्री व नंतर दोन-तीन रात्री जे बोलणे झाले, त्यातूनच आजचा हा लेख तयार झाला आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेत सरकारी मालकीची १५४ राष्ट्रीय वने आहेत. त्यांची व त्यांना जोडलेल्या गवताळ राष्ट्रीय कुरणांची जमीन मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर भरते. आपल्या गोव्याएवढे दोनशेहून अधिक प्रदेश त्यात सहज मावतील. ही वने सांभाळणारे वनखाते १९०५ साली स्थापन झाले आणि ते तेथील कृषिखात्याच्या हाताखाली आहे. लाकूड, गुरांची चराई, नद्यांची उगमस्थाने आणि लोकांची विश्रांती अशा सर्वांसाठी ही भूमी आहे, असे तिकडील धोरण आहे. राष्ट्रीय उद्याने ती वेगळी. तेथे नियम पुष्कळच कडक असतात.

या वनांत राहण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोयीचा. आखून दिलेले मैदान, क्रमांक घातलेल्या जागा, नळ, शौचकूप, बाके व कचऱ्याची पेटी. त्यासाठी बहुधा भाडे भरावे लागते. दुसऱ्याला तिकडे 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात. आपण त्यास विखुरलेला मुक्काम म्हणू. मैदान सोडून, रानात जेथे मनाई नसेल तेथे, आपली जागा आपणच शोधून राहावयाचे. तेथे नळ नाही, शौचकूप नाही, दिवा नाही, कचरा उचलणारा नाही. बहुतेक ठिकाणी पैसाही पडत नाही. एका जागी साधारणतः चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही. मोटार कोणत्या रस्त्याने न्यावी आणि रस्ता सोडून किती अंतरापर्यंत उतरवावी, याचा नकाशा वनखाते विनामूल्य देते. तो न पाहता जाणारा मनुष्य दंडास पात्र होतो. बाकी सर्व ज्याच्या त्याच्या शहाणपणावर सोडलेले असते.

भाच्याच्या बोलण्यात हा 'शहाणपणा' पुनःपुन्हा येई, म्हणून मी त्यास खोदून विचारले की प्रत्यक्षात तुम्ही करता तरी काय? त्याने सांगितलेले मुद्दाम तपशिलाने देतो. कारण यांतील पुष्कळ गोष्टी आपल्याकडे शेतावर, नदीकाठी वा यात्रेच्या वाटेवर मुक्काम करणाऱ्यांसही उपयोगी पडण्यासारख्या आहेत.

जागा निवडताना नवी जागा मोडावयाची नाही. आधी कोणी राहून गेल्यामुळे जेथे गवत दबलेले आहे, तेथेच तंबू ठोकावयाचा. प्रत्येकाने नवा तुकडा तुडविला तर पाच वर्षांत सारे कुरण उघडे पडते. ओढ्यापासून वा तळ्यापासून दोनशे फूट दूर राहावे, असा सल्ला आहे. मोठ्या माणसाची सत्तर पावले मोजली की तेवढे अंतर होते. याची कारणे दोन. आपली घाण पाण्यात जाऊ नये हे एक, आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट अडू नये हे दुसरे. तंबू ठोकण्यापूर्वी मान वर करून पाहावे. कोलोरॅडोत पाइन वृक्षांना भुंगेऱ्यांची कीड लागून डोंगरचे डोंगर वाळून गेले आहेत. असे वठलेले झाड वाऱ्याच्या एका झोताने निजलेल्या माणसावर कोसळू शकते.

पाणी कितीही स्वच्छ दिसो, तसेच प्यावयाचे नाही. डोंगरच्या थंडगार झऱ्यांतही जिआर्डिया नावाचा सूक्ष्म जीव असतो व त्याने आठवडे-आठवडे हगवण लागते. पाण्याला जोराची उकळी फुटल्यावर एक मिनिट तशीच राहू द्यावी. साडेसहा हजार फुटांहून उंच जागी तीन मिनिटे. उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी उष्णतेवरच उकळते, म्हणून हा जादा वेळ. शौचास जाताना हातात लहानसे फावडे न्यावे, पाण्यापासून व मुक्कामापासून तेच सत्तर पावलांचे अंतर राखावे, सहा ते आठ इंच म्हणजे जवळजवळ वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर मातीने बुजवावा. हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, "हे आम्ही शेतावर करीत होतो तेव्हा आम्हास मागासलेले म्हणत होते." त्यावर कोणापाशीही उत्तर नव्हते.

अन्नाची काळजी अस्वलांसाठी. भाकरतुकडा, साबण, दंतमंजन, ज्याला म्हणून वास आहे असे काहीही तंबूत ठेवावयाचे नाही. ते सारे अस्वलास न उघडणाऱ्या जाड डब्यात तरी ठेवावे, नाहीतर झाडाच्या फांदीला जमिनीपासून किमान दहा फूट उंच व खोडापासून चार फूट दूर टांगावे. भय केवळ माणसाचे नव्हे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुढे वस्तीत शिरते, आणि शेवटी त्यास गोळी घालावी लागते. एका कुटुंबाने निष्काळजीपणे टाकलेला डबा पुढे त्या मुक्या प्राण्याच्या जिवावर उठतो.

सरपणाचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. उभे झाड तोडावयाचे नाही, मग ते वाळलेले का असेना. खाली पडलेले, मनगटाहून जाड नसलेले लाकूड तेवढे गोळा करावे. घरून सरपण न्यावे म्हटले तर तेही बरे नव्हे. ॲश नावाच्या वृक्षास पोखरणारा एक हिरवा भुंगेरा आशियातून अमेरिकेत शिरला व २००२ साली मिशिगन राज्यात प्रथम सापडला. त्याने पुढे कोट्यवधी झाडे मारली. तो स्वतः फार लांब उडत नाही. सुट्टीस निघालेल्या लोकांच्या मोटारींतील सरपणातून त्याने लांबलांबचे पल्ले गाठले. म्हणून तिकडे आता सांगतात, जेथे जाळावयाचे तेथलेच लाकूड घ्या.

एवढे सांगून झाल्यावर भाचा विस्तवाच्या गोष्टीकडे वळला आणि त्याचा आवाज बदलला. त्याच्या पत्नीने एकदा त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मामा, ही गोष्ट मी आजवर कोणास सांगितलेली नाही."

त्यांच्या दुसऱ्याच वर्षीच्या मुक्कामातील ही हकीकत. सप्टेंबर महिना होता, पाऊस बरेच दिवस नव्हता, पण विस्तवास मनाई झालेली नव्हती. रात्री त्यांनी दगडांच्या जुन्या आगटीत शेकोटी केली. मुलांनी रताळी भाजून खाल्ली. सकाळी पाहतात तो नुसती पांढरी राख. त्याने पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या, वरून पायाने माती लोटली, सामान भरले आणि मोटार हाकली. सात-आठ मैल उतरून आल्यावर पत्नीने विचारले, "राखेला हात लावून पाहिलात का?" तो म्हणाला, "पाणी ओतले, माती घातली, आणखी काय हवे?" ती काहीच बोलली नाही. पण तिचे ते न बोलणेच त्यास टोचू लागले. पुढे वळण्यास जागा मिळताच त्याने मोटार परत फिरविली.

"वर पोहोचलो तेव्हा सारे शांत होते," तो सांगू लागला. "माती जशीच्या तशी. मला वाटले, उगाच आलो. सहज काठीने उकरले तर खाली लाल निखारे. आणि आगटीपासून हातभर अंतरावर, जेथे आम्ही काहीच पेटविले नव्हते, तेथे पाइनच्या वाळक्या पानांतून धुराची बारीक रेघ निघत होती. जमिनीखालून झाडाचे मूळ पेटत गेले होते. ओढ्यावरून पाणी आणून आणून ओतीत होतो. तासाभराने ते विझले. मुले मोटारीत बसून पाहत होती."

मातोश्री इतका वेळ निमूटपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, आमच्या वेळी आगकाडीची काडी जपून वापरीत. रात्री जेवणे झाली की आम्ही चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवीत होतो. पहाटे वरची राख बाजूला सारायची, फुंकणी घालायची की चूल पेटली. विस्तव राखायचा असेल तर तो राखेत पुरतात. तू विझवायला गेलास आणि राखून आलास."

वाचकहो, मी या विषयावर पुढे बरेच वाचले, पण आईच्या या वाक्याहून अधिक नेमके काही मला आढळले नाही. अमेरिकेचे वनखातेही तेच सांगते. निखारे मातीने झाकू नका. मातीखाली ते तासन् तास, कधी दिवसभर जिवंत राहतात. विस्तव विझविण्याची त्यांची रीत अशी आहे. भरपूर पाणी ओतावे. काठीने वा फावड्याने राख, निखारे, खालची माती सारे ढवळून चिखल करावा. पुन्हा पाणी ओतावे, पुन्हा ढवळावे. मग हात वर धरून धग येते का ते पाहावे, आणि धग नसेल तर हाताच्या पाठीने राखेस स्पर्श करावा. हात ठेवता येत नसेल, तर ती जागा सोडूनही जाता येत नाही. राख हाताला गार लागेपर्यंत मुक्काम संपलेला नसतो.

ही सावधगिरी त्यांना अनुभवाने आली आहे. १९१० साली, म्हणजे वनखाते अवघे पाच वर्षांचे असताना, ऑगस्टच्या २० व २१ तारखांना आयडाहो व मोंटाना या डोंगराळ प्रदेशांत असा वणवा भडकला की सुमारे तीस लाख एकर रान भस्मसात झाले व ऐंशीच्या आसपास माणसे गेली. त्यांतील बहुतेक वणवा विझविण्यास गेलेले कामकरी होते. त्या वणव्याची कारणे अनेक होती, पण त्यानंतर विस्तव ही त्या खात्याची कायमची धास्ती झाली. १९४४ साली त्यांनी लोकशिक्षणासाठी टोपी घातलेल्या एका अस्वलाचे चित्र काढले व त्यास 'स्मोकी' असे नाव दिले. पुढे १९५० साली न्यू मेक्सिको राज्यातील कॅपिटन डोंगरात वणवा लागला असता अस्वलाचे एक पिलू पाय भाजलेल्या स्थितीत सापडले. त्यास चित्रातल्या अस्वलाचेच नाव मिळाले. ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात वाढले, १९७६ साली मेले, आणि त्यास पुन्हा कॅपिटन येथेच नेऊन पुरले. भाच्याच्या मुलांना ही गोष्ट तोंडपाठ होती.

तथापि ज्या वणव्याचे नाव घेताच डेन्व्हरकर आजही गंभीर होतात, तो २००२ सालचा. त्यास हेमन वणवा म्हणतात. त्या वर्षी कोलोरॅडोत मोठे अवर्षण होते व पाइक राष्ट्रीय वनात उघड्यावर विस्तव करण्यास पूर्ण बंदी होती. ८ जून रोजी एका मुक्कामाच्या जागी, दगडांच्या आगटीतून आग बाहेर पडली. ती लावली कोणी? वनखात्याच्याच एका स्त्री कर्मचाऱ्याने. बंदी मोडून कोणी विस्तव करतो काय, हे पाहत फिरणे हेच तिचे त्या दिवशीचे काम होते. आपल्यापासून दुरावलेल्या पतीचे पत्र आपण तेथे जाळले, असे तिने सांगितले. आगीची वर्दीही तिनेच दिली होती. पुढे तिने अपराध कबूल केला व तिला कारावास झाला.

त्या एका आगटीतून निघालेल्या वणव्याने सुमारे १ लाख ३८ हजार एकर रान जाळले, १३३ घरे जाळली, हजारो लोकांना घरेदारे सोडून पळावयास लावले. २०२० सालापर्यंत त्या राज्याच्या नोंदीतील तो सर्वांत मोठा वणवा होता. आग विझली तरी गोष्ट संपली नाही. डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक जलाशय त्या जळालेल्या डोंगरांच्या मधोमध आहे. माती धरून ठेवणारी मुळे गेली, आणि पुढच्या पावसांत डोंगरांची भरड माती राखेसह लोटत पाण्यात आली. ती माती अडविण्यास व काढण्यास शहराला वर्षानुवर्षे खर्च करावा लागला. भाचा म्हणाला, "आम्ही ज्या नळाचे पाणी पितो, त्याचा त्या आगटीशी संबंध आहे."

त्यानंतरच्याच वर्षी, २००३ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियात सॅन दिएगो शहराजवळच्या डोंगरी वनात एक शिकारी वाट चुकला. शोधणाऱ्यांना आपण दिसावे म्हणून त्याने विस्तव पेटविला. त्यातून उठलेल्या वणव्यात २ लाख ७३ हजार एकर प्रदेश जळाला, दोन हजारांहून अधिक घरे गेली आणि १५ माणसे मृत्यू पावली.

या दोन्ही हकिकतींत दुष्ट बुद्धीने रान जाळावयास निघालेला कोणीच नाही. एक मनाने होरपळलेली स्त्री, एक घाबरलेला वाटसरू. तिसरा आमचा भाचा, ज्याचे नाव कोणत्याही चौकशीत आले नाही ते केवळ पत्नीच्या एका प्रश्नामुळे. दोन बाटल्या पाणी ओतून निघालेल्या त्या सकाळी तोही स्वतःला दक्ष मनुष्य समजत होता. वणव्यास आपला हेतू काय होता याच्याशी कर्तव्य नसते.

आता मातोश्रींच्या मूळ प्रश्नाकडे वळू. राखणदार नसताना ते रान टिकते कसे? भाच्याचे उत्तर आपण ऐकले की, पुष्कळ ठिकाणी टिकत नाही. २०२० साली महामारीच्या काळात हॉटेले ओस पडली आणि शहरांतील माणसे रानाकडे लोटली. त्यांतील अनेकांनी यापूर्वी तंबू पाहिलाही नव्हता. नव्या चाकोऱ्या पडल्या, ओढ्याकाठी कागद व घाण साचली, बंदीच्या दिवसांतील आगट्यांत निखारे सापडू लागले. कोलोरॅडोतच क्रेस्टेड ब्यूट नावाचे डोंगरी गाव आहे. त्याच्या भोवतालच्या खोऱ्यांत पूर्वी वाटेल तेथे राहता येई. २०२१ पासून तेथे खुंट्या मारून, क्रमांक घालून दिलेल्या जागांवरच मुक्काम करावा लागतो. खुंटी रिकामी नसेल तर परत फिरावे लागते. इतर ठिकाणीही तसेच होत चालले आहे.

भाचा म्हणाला, "आम्ही जेथे पहिल्यांदा गेलो होतो तेथे आता मुक्कामास बंदी आहे. फलक लावला आहे. त्या फलकाचा मला राग आला नाही, मामा. मला ती धुराची रेघ आठवली." मी म्हणालो, "अरे, तुझ्या हातून तर काही घडले नाही." तो उत्तरला, "घडले नाही, पण घडविणाऱ्यांत आणि माझ्यात आठ मैलांचेच अंतर होते."

मोकळीक ही अशी वस्तू आहे की ती शेवटच्या माणसाने जशी ठेवली तशीच पुढच्यास मिळते. हजार कुटुंबे राख ढवळून, हात लावून निघाली तरी एक कुटुंब घाईत निघाले की फलक सर्वांसाठी लागतो. आणि घाईत निघणारे ते कुटुंब बहुधा आपल्यासारखेच असते.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व अमेरिकेचे झाले. आपणास त्याचे काय? प्रथम हे स्पष्ट करतो की आपल्या वनांत अशी मोकळीक नाही, आणि हा लेख वाचून कोणी तंबू घेऊन निघू नये. भारतीय वन अधिनियम १९२७ चा आहे. त्यानुसार राखीव वनात अनधिकाराने शिरणे हा गुन्हा आहे, आणि वनाधिकाऱ्यांनी ठरवून दिलेल्या काळाखेरीज तेथे विस्तव पेटविणे, बाळगणे वा नेणे हाही गुन्हा आहे. अभयारण्यांसाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आहे. त्यात आग लावण्यास मनाई आहेच, परंतु विस्तव जळता सोडून जाण्यासही वेगळी मनाई केली आहे. ज्याने तो कायदा लिहिला त्यास आमच्या भाच्याची ती सकाळ ठाऊक असावी, असे वाटते. मुक्कामच करावयाचा असेल तर वनखात्याकडे लेखी परवानगी मागावी आणि ते दाखवतील तेथेच राहावे.

परंतु विस्तव मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे. खानापूर भागातील रान, त्यातील भीमगड अभयारण्य आणि पलीकडे गोव्याच्या सत्तरीतील म्हादई अभयारण्य ही एकमेकांस जोडलेली अरण्ये आहेत. २०२३ च्या मार्च महिन्यात म्हादईच्या परिसरात व गोव्यात इतरत्रही ठिकठिकाणी वणवे लागले आणि कित्येक दिवस जळत राहिले. ते विझविण्यास हवाई दलाची व नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन आली. वाटा नसलेल्या डोंगरउतारांवर माणसे पायी चढून, हिरव्या फांद्यांनी झोडपून आग मारीत होती. त्या डोंगरांतून निघणारे पाणी खाली आपल्याच गावांना येते. डेन्व्हरच्या नळाची गोष्ट आपणास परकी वाटण्याचे कारण नाही.

म्हणून आपल्या घरांपुरते बोलू. भातशेतीसाठी राब भाजणारे शेतकरी भोवतालचा पालापाचोळा झाडून मोकळा पट्टा काढतात, वारा पडल्यावर आग लावतात व कडेने पाण्याच्या कळशा भरून ठेवतात. हे जुने शहाणपण जेथे शिल्लक आहे तेथे ते टिकवावे. काजूच्या बागेत वा रानकडेला दुपारच्या वाऱ्यात पाचोळा पेटवू नये. नदीकाठी सहलीस गेलेल्या तरुणांनी तीन दगडांची चूल मांडली, तर निघण्यापूर्वी ती पाण्याने भिजवून, ढवळून, हात लावून पाहावी. डोंगरवाटेने जाणाऱ्याने विडी चुरडून विझवावी, फेकू नये. पाणी पुरेसे नसेल तर विस्तव करूच नये. शिदोरी थंड खाल्ल्याने कोणी मेलेले नाही. आणि घरातील ज्या मनुष्यास "हात लावून पाहिलात का?" असे विचारण्याची सवय आहे, त्याचा राग मानू नये.

भाचा परत जाण्याच्या आदल्या रात्री थंडी कडाक्याची होती. मुलांनी अंगणात शेकोटी केली. नऊ वाजता मोठ्यांनी झोपावयास हाक मारली, तेव्हा धाकटा न सांगता विहिरीवर गेला व कळशी घेऊन आला. थोरल्याने काठी घेतली. पाणी ओतले, ढवळले, पुन्हा ओतले. बापाने हात वर धरून पाहिले आणि मान हलविली. मग थोरल्याने हाताची पाठ राखेवर टेकविली.

"गार आहे," तो म्हणाला.

मातोश्री पडवीच्या कठड्यास धरून उभ्या होत्या. त्या खाली उतरल्या, वाकल्या, आणि त्यांनी स्वतःचा हात राखेत घातला.

"कडेला अजून ऊन आहे रे," त्या म्हणाल्या. "आण आणखी एक कळशी."

धाकटा पुन्हा विहिरीकडे धावला.